व्यवसायाचे नेटवर्क आखताना: पहिल्यांदाच हे काम हाती घेणाऱ्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

कार्यालयाचे नेटवर्क आखण्याचे काम पहिल्यांदा अंगावर येते, तेव्हा बहुतेक जण उपकरणांच्या यादीपासून सुरुवात करतात: राउटर (वेगवेगळी नेटवर्क एकमेकांना जोडणारी पेटी) कोणता, स्विच (उपकरणे तारांनी एकत्र जोडणारी पेटी) किती पोर्टचे, म्हणजे तारा लावायच्या किती जागांचे, फायरवॉल (येणारी-जाणारी रहदारी तपासणारी पेटी) कोणत्या कंपनीचा. मी काही नेटवर्क स्वतः आखली आहेत आणि त्याहून जास्त, इतरांनी आखलेली, निस्तरली आहेत. त्यावरून एवढे खात्रीने सांगता येते की उपकरणांची निवड हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे आणि तो शेवटीच यायला हवा. त्याआधी प्रत्येक तारेबद्दल आणि प्रत्येक पेटीबद्दल दोन प्रश्नांची उत्तरे कागदावर असली पाहिजेत: ही बंद पडली तर कोणाचे काम थांबेल, आणि वापर दुप्पट झाला तर इथे काय बदलावे लागेल.

पुढील टप्पे वीस-पंचवीस जणांच्या कार्यालयापासून काही शाखा आणि पाचशेच्या आसपास वापरकर्ते असलेल्या व्यवसायापर्यंत लागू पडतात. मोठ्या डेटा सेंटरची रचना हा वेगळा विषय असल्याने तो येथे घेतलेला नाही.

१. काय थांबले तर चालेल, हे व्यवसायाकडून लिहून घ्या

‘नेटवर्क कधीच बंद पडता कामा नये’ हे वाक्य तुम्हाला पहिल्याच बैठकीत ऐकायला मिळेल. ते मान्यही करू नका आणि त्यावर वादही घालू नका. त्याऐवजी कामांची यादी करा (बिलिंग, दूरध्वनी, गोदामातील स्कॅनर, ईमेल, कॅमेरे, पाहुण्यांचे वाय-फाय) आणि प्रत्येक कामापुढे ते किती वेळ थांबले तर चालेल, हे संबंधित विभागप्रमुखाकडूनच भरून घ्या. बिलिंग दहा मिनिटेही थांबू शकत नाही, पण पाहुण्यांचे वाय-फाय दिवसभर बंद असले तरी चालते, हे एकदा लिखित स्वरूपात आले की खर्च कुठे करायचा याचा निर्णय सोपा होतो.

टक्केवारीच्या भाषेला भुलू नका. ९९.९ टक्के उपलब्धता ऐकायला भारदस्त वाटते, पण तिचा अर्थ वर्षाला सुमारे पावणेनऊ तास बंद असा होतो; ९९.९९ टक्के म्हणजे वर्षाला सुमारे ५३ मिनिटे. शिवाय एकामागोमाग जोडलेल्या गोष्टींच्या उपलब्धतेचा गुणाकार होतो. फायरवॉल, मुख्य स्विच, मजल्यावरचा स्विच आणि इंटरनेटची लाइन अशी चार कड्यांची साखळी असेल आणि प्रत्येक कडी ९९.९ टक्के असेल, तर संपूर्ण साखळी ९९.६ टक्क्यांवर येते, म्हणजे वर्षाला जवळजवळ ३५ तास. याउलट ९९ टक्क्यांच्या दोन लाइन समांतर असतील, तर कागदावर ९९.९९ टक्के मिळतात. मात्र त्यासाठी दोन्ही लाइन खरोखर एकमेकींपासून स्वतंत्र असाव्या लागतात. ही अट सहसा कुठे मोडते, ते सातव्या टप्प्यात पाहू.

२. मोजणी करा आणि कागदपत्रे जमवा

माणसे मोजून भागत नाही, उपकरणे मोजावी लागतात. एका व्यक्तीमागे लॅपटॉप, मोबाइल आणि बऱ्याचदा टेबलावरचा फोन येतो. त्याशिवाय प्रिंटर, कॅमेरे, हजेरीची यंत्रे, दाराची कुलुपे आणि बैठकीच्या खोलीतील पडदे असतात. मी एकूण पोर्टच्या सुमारे तृतीयांश पोर्ट मोकळे ठेवतो. भरलेल्या स्विचपाशी कोणीतरी टेबलाखाली स्वस्तातला छोटा स्विच जोडतो आणि तो कोणत्याही आराखड्यात नसतो.

वापराच्या बाबतीत सरासरीवर विश्वास ठेवू नका. दिवसाची सरासरी वीस टक्के दिसणारी लाइन सकाळी दहा ते अकरा तुडुंब भरलेली असू शकते, आणि तक्रारी त्याच तासातल्या असतात. दूरध्वनीचा भार लोकांना वाटतो त्यापेक्षा फारच कमी असतो: जी.७११ कोडेकचा (आवाजाचे आकड्यांत रूपांतर करण्याच्या एका पद्धतीचा) एक कॉल ईथरनेटवर (तारेच्या नेटवर्कच्या प्रचलित मानकावर) प्रत्येक दिशेला सुमारे ८७ किलोबिट प्रतिसेकंद घेतो, त्यामुळे पन्नास कॉल एकाच वेळी चालू असले तरी पाच मेगाबिट पुरतात. खरे खादाड असतात ते बॅकअप, संगणकांचे अपडेट आणि चोवीस तास चालणारे कॅमेरे.

काम सुरू करण्यापूर्वी पुढील गोष्टी हाताशी असाव्यात:

- प्रत्येक मजल्याचा मापासह नकाशा, त्यात विजेच्या आणि केबलच्या वाहिन्या दाखवलेल्या
- आता असलेल्या उपकरणांची यादी, मॉडेल आणि खरेदीच्या वर्षासह
- इंटरनेट सेवांचे करार, विशेषतः दुरुस्तीसाठी किती तासांची हमी आहे ते कलम
- पहिल्या टप्प्यात भरून घेतलेला तक्ता
- केबल टेस्टर, लेबल छापण्याचे यंत्र, कन्सोल केबल (उपकरणाशी थेट बोलण्यासाठी) आणि एक लॅपटॉप
- पॅकेट (तारेवरून जाणारे माहितीचे तुकडे) पाहण्यासाठी वायरशार्क, वेग मोजण्यासाठी आयपर्फ
- आराखडा काढण्याचे कोणतेही सोपे साधन. सुरुवातीला चौकडीचा कागदही पुरतो

३. तारा, वीज आणि जागा

या टप्प्याकडे नवखे लोक दुर्लक्ष करतात, कारण त्यात तंत्रज्ञानाची चमक नसते. परंतु स्विच पाच-सात वर्षांनी बदलतो, भिंतीतली केबल त्याहून कितीतरी जास्त काळ राहते, आणि ती चुकली तर भिंत फोडावी लागते.

तांब्याच्या ईथरनेट केबलची मर्यादा १०० मीटर आहे, आणि त्यातील ९० मीटर भिंतीतल्या कायम केबलसाठी व १० मीटर दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्डसाठी (जोडणीच्या लहान तारांसाठी) धरले जातात. हे अंतर नकाशावर पट्टी ठेवून मोजू नका. केबल रॅकमधून वर जाते, छतावरून वळसे घेत जाते, पुन्हा भिंतीतून खाली उतरते; नकाशावर ६० मीटर दिसणारा मार्ग प्रत्यक्षात ८५ मीटर भरू शकतो. कॅट ६ केबलवर १० गिगाबिटचा वेग अनुकूल स्थितीत सुमारे ५५ मीटरपर्यंतच मिळतो, पूर्ण १०० मीटरसाठी कॅट ६ए लागते. आज गिगाबिट पुरत असला, तरी ॲक्सेस पॉइंटकडे (वाय-फाय देणाऱ्या पेटीकडे) जाणाऱ्या केबल कॅट ६ए घ्याव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्वस्त केबलचा सापळा येथेच असतो. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनिअमच्या तारा बाहेरून अगदी खऱ्या केबलसारख्या दिसतात, त्यांवर दर्जाचा शिक्काही असतो, पण त्यांचा रोध जास्त असतो आणि पीओईची (नेटवर्कच्या तारेतूनच उपकरणाला दिली जाणारी) वीज वाहून नेताना त्या तापतात. तार थोडी सोलून टोक चाकूने खरवडा. आतून रुपेरी रंग निघाला, तर माल परत पाठवा.

दोन इमारतींमध्ये तांबे अजिबात घालू नका. दोन्हीकडील जमिनीच्या जोडणीत (अर्थिंगमध्ये) विद्युतदाबाचा फरक असू शकतो आणि जवळपास वीज कोसळली की तो दाब थेट स्विचमध्ये शिरतो. फायबर (प्रकाशावर चालणारी काचेची तार) वीज वाहून नेत नाही. तिथे सिंगल-मोड (लांब अंतरासाठीची) फायबरच घाला: १०जीबेस-एलआर मॉड्यूल (फायबरच्या टोकाला स्विचमध्ये बसणारा भाग) लावून तिच्यावर १० किलोमीटरपर्यंत १० गिगाबिट चालते, आणि पुढे वेग वाढवायचा झाला तर बहुधा टोकाची मॉड्यूल बदलून काम भागते.

पीओईचा हिशेब वेगळा मांडा. ८०२.३एएफ मानकात पोर्टमागे १५.४ वॅट, ८०२.३एटीमध्ये ३० वॅट आणि २०१८ च्या ८०२.३बीटीमध्ये ९० वॅटपर्यंत वीज मिळते. समजा, २४ पोर्टच्या स्विचची एकूण क्षमता ३७० वॅट आहे. प्रत्येक पोर्टवर ३० वॅट मागणारे उपकरण लावले तर ७२० वॅट लागतील, म्हणजे बाराव्या पोर्टनंतर वीज संपेल. हे बहुधा विस्तार करताना लक्षात येते: नवा कॅमेरा लावला की दुसरीकडचा फोन बंद पडतो आणि दोष मात्र फोनला दिला जातो.

यूपीएस फक्त सर्व्हरच्या खोलीत बसवून थांबू नका. मजल्यावरचा स्विच वीज जाताच बंद पडला, तर मुख्य खोलीतील सगळी सज्जता वापरकर्त्याच्या काहीच उपयोगाची नाही.

४. थरांची रचना ठरवा आणि लूपचा बंदोबस्त करा

पाठ्यपुस्तकी रचनेत तीन थर असतात: वापरकर्त्यांची उपकरणे जोडणारा ॲक्सेस, त्यांना एकत्र आणणारा डिस्ट्रिब्युशन आणि सर्वांना जोडणारा कोअर. एका इमारतीच्या व्यवसायाला वरचे दोन थर एकत्र केलेली रचना पुरते: मध्यभागी दोन मुख्य स्विच आणि प्रत्येक मजल्यावरच्या स्विचपासून त्या दोघांकडे एकेक फायबर. नवा मजला घेतला की नवा स्विच आणि दोन फायबर वाढतात, बाकी काही हलत नाही. एका स्विचला दुसरा, दुसऱ्याला तिसरा अशी माळ ओवली, तर मधला मणी निखळताच पुढचे सगळे बंद पडतात.

दुहेरी जोडणी केली की लूप (तारांचे बंद वर्तुळ) तयार होतो, आणि लूप हा ईथरनेटचा जुना शत्रू आहे. आयपी पॅकेटवर आयुष्याची मर्यादा लिहिलेली असते, ईथरनेटच्या फ्रेमवर (तारेवरून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्यावर) ती नसते. त्यामुळे लूपमध्ये शिरलेला एक ब्रॉडकास्ट (सर्वांसाठीचा संदेश) फिरतच राहतो, त्याच्या प्रती होत जातात आणि काही क्षणांत सगळे स्विच गुदमरतात. यावरचा उपाय, स्पॅनिंग ट्री (जादा मार्ग बंद ठेवून गरज पडल्यास उघडणारी पद्धत), रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये काम करताना शोधला. मूळ पद्धतीत मार्ग बदलायला ३० ते ५० सेकंद लागत, २००१ च्या रॅपिड आवृत्तीत ते बहुधा एक-दोन सेकंदांत होते. म्हणून सर्व स्विचवर रॅपिड आवृत्तीच चालू आहे ना, हे तपासा.

स्पॅनिंग ट्रीमध्ये एक स्विच मूळ, म्हणजे रूट, मानला जातो आणि सर्व मार्ग त्याच्या हिशेबाने ठरतात. कोणीच काही ठरवले नाही तर सर्वांचा अग्रक्रम ३२७६८ असतो (आकडा लहान तो वरचढ) आणि ज्याचा मॅक पत्ता (उपकरणाला कारखान्यात दिलेला पत्ता) सर्वांत लहान, तो निवडून येतो. हा मान बऱ्याचदा सर्वांत जुन्या स्विचला मिळतो आणि तो एखाद्या कोपऱ्यातल्या कपाटात धूळ खात पडलेला असतो. मुख्य स्विचपैकी एकाला ४०९६ आणि दुसऱ्याला ८१९२ अग्रक्रम हाताने द्या. वापरकर्त्यांच्या पोर्टवर बीपीडीयू गार्ड (स्पॅनिंग ट्रीचे संदेश आले तर पोर्ट बंद करणारी सोय) चालू ठेवा, म्हणजे कोणी तिथे स्वतःचा स्विच जोडला तर तेवढेच पोर्ट बंद पडेल.

मुख्य स्विचची जोडी एकच स्विच असल्यासारखी चालवता येत असेल, तर दोन्ही फायबर एलएसीपीने (तारा जोडून एक मानण्याच्या पद्धतीने) एकत्र बांधून दोन्ही वापरात ठेवता येतात. मात्र १ गिगाबिटच्या दोन तारा बांधल्या म्हणून एक फाइल २ गिगाबिटने जात नाही. एक संभाषण नेहमी एकाच तारेवरून जाते. एकूण क्षमता वाढते, एकट्या वापरकर्त्याचा वेग वाढत नाही.

५. पत्ते आणि व्हीलॅन यांची योजना

खासगी वापरासाठी आरएफसी १९१८ (इंटरनेटच्या नियमांचा एक दस्तऐवज) ने १९९६ मध्ये तीन पट्टे राखून ठेवले: १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६ (तिरक्या रेषेनंतरचा आकडा जितका लहान, तितका पट्टा मोठा). यातील १९२.१६८.०.० आणि १९२.१६८.१.० हे छोटे पट्टे व्यवसायासाठी घेऊ नका. घरगुती राउटर सर्रास तेच वापरतात, आणि कर्मचारी घरून व्हीपीएन (कार्यालयाशी सुरक्षित जोडणी) जोडतो तेव्हा कार्यालयातील सर्व्हरचा पत्ता त्याच्या घरातल्याच नेटवर्कमध्ये असल्याचे त्याच्या संगणकाला वाटते. नेटवर्क उभे राहिल्यावर पत्ते बदलण्यासारखे किचकट काम दुसरे नाही.

माझी नेहमीची योजना अशी असते: पहिला आकडा १०, दुसरा शाखेचा, तिसरा व्हीलॅनचा (त्याच तारांवर वेगळे केलेल्या आभासी नेटवर्कचा). शाखा २० मधील फोनचा व्हीलॅन ३० असेल, तर पट्टा १०.२०.३०.०/२४. त्यात २५४ पत्ते मिळतात. प्रत्येक शाखेचे सगळे पत्ते १०.२०.०.०/१६ सारख्या एकाच ओळीत मावत असल्याने राउटिंगचे (मार्ग ठरवण्याचे) तक्ते आटोपशीर राहतात, आणि तक्रारीत आलेला पत्ता पाहताच उपकरण कुठले आणि कोणत्या प्रकारचे ते कळते.

कर्मचारी, फोन, कॅमेरे, सर्व्हर, पाहुणे आणि उपकरणांचे व्यवस्थापन एवढे व्हीलॅन सुरुवातीला पुरतात. मानक ४०९४ व्हीलॅनची मुभा देते, पण मुभा आहे म्हणून विभागागणिक व्हीलॅन काढण्यात हशील नाही. व्हीलॅन वेगळे केले, पण त्यांच्यामधील राउटिंगवर एकही नियम लावला नाही, तर कॅमेऱ्याच्या व्हीलॅनमधून हिशेबाच्या सर्व्हरपर्यंत सरळ वाट मोकळी राहते. अशी नेटवर्क मी वारंवार पाहतो.

डीएचसीपीबद्दल (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेबद्दल) एक प्रसंग डोळ्यांसमोर ठेवा. कोणीतरी वाय-फाय नीट मिळत नाही म्हणून घरचा राउटर आणतो आणि त्याचे लॅनचे पोर्ट भिंतीतल्या सॉकेटला जोडतो. तो राउटर त्याच क्षणापासून पत्ते वाटू लागतो. आधीपासून चालू असलेले संगणक ठीक असतात, नव्याने जोडलेल्यांपैकी काहींना चुकीचे गेटवे (नेटवर्कबाहेर जाण्याचे दार) मिळते, काहींना बरोबर. तक्रारींत कोणतेच सूत्र सापडत नाही आणि दुपार त्यात जाते. डीएचसीपी स्नूपिंग चालू असेल, तर अनधिकृत पोर्टवरून आलेली अशी उत्तरे स्विच टाकून देतो. ही सुविधा बहुतेक व्यावसायिक स्विचमध्ये असते आणि बहुतेक ठिकाणी बंदच असते.

६. वाय-फाय

सिग्नलच्या पट्ट्या मोजून ॲक्सेस पॉइंटची संख्या ठरवू नका. एका वेळी किती उपकरणे बोलणार आहेत त्यावर ठरवा. २.४ गिगाहर्ट्‌झमध्ये एकमेकांवर न चढणारी चॅनेल १, ६ आणि ११ एवढीच आहेत, म्हणून गर्दीच्या जागी भर ५ गिगाहर्ट्‌झवर द्या आणि प्रक्षेपणाची शक्ती कमी ठेवा. पाहुण्यांच्या व्हीलॅनमध्ये डीएचसीपीची मुदत एक-दोन तासांची पुरते. मुदत आठवड्याची ठेवली, तर निघून गेलेले मोबाइल पत्ते अडवून बसतात.

७. दुहेरी व्यवस्था खरोखर दुहेरी आहे का, ते तपासा

दोन कंपन्यांच्या दोन इंटरनेट लाइन घेतल्या, की काम झाले असे वाटते. परंतु दोन्ही फायबर रस्त्याखालच्या एकाच वाहिनीतून इमारतीत येत असतील, तर खोदकामाचा एकच फटका दोन्ही तोडतो. दोन्ही कंपन्यांकडून मार्गाचा नकाशा मागा. तो देत नसतील, तर दुसरी लाइन वायरलेस माध्यमाची घ्या. हाच विचार आत करा: स्विचचे दोन वीजपुरवठे एकाच यूपीएसला जोडलेले आहेत का, दोन्ही मुख्य स्विच एकाच रॅकमध्ये, एकाच एअर कंडिशनरखाली आहेत का?

गेटवेसाठी व्हीआरआरपीसारखी व्यवस्था लावली, की एक राउटर पडताच दुसरा तोच पत्ता घेतो आणि वापरकर्त्यांच्या संगणकांवर काहीच बदलावे लागत नाही. इंटरनेटच्या बाबतीत मात्र लाइन ‘चालू’ असणे आणि इंटरनेट चालू असणे यांत फरक आहे. तुमचा फायरवॉल फक्त सेवा देणाऱ्या कंपनीच्या पहिल्या राउटरला पिंग (उत्तर येते का ते पाहणारा छोटा संदेश) करत असेल, तर बिघाड त्यापलीकडे झाल्यावर लाइन बदलणारच नाही. तपासणीसाठी पलीकडचे किमान दोन स्वतंत्र पत्ते ठेवा आणि दोन्ही गप्प झाले तरच लाइन बदलावी, असे सांगा.

क्षमतेचा हिशेबही इथेच चुकतो. दोन्ही लाइन एकाच वेळी वापरात असतील आणि प्रत्येकीवर ७० टक्के भार असेल, तर एक पडल्यावर उरलेलीवर १४० टक्के भार येतो. प्रत्येकीवरचा भार गर्दीच्या तासातही निम्म्याच्या आतच असायला हवा. फायरवॉल निवडताना जाहिरातीतला सर्वांत मोठा आकडा बाजूला ठेवून सर्व तपासण्या चालू असतानाचा वेग पाहा. तो कित्येकदा फारच कमी असतो.

८. प्रत्यक्ष तार काढून चाचणी घ्या

नेटवर्क सुरू करण्यापूर्वी, आणि नंतर ठरावीक काळाने, बिघाड मुद्दाम घडवून आणा. एका लॅपटॉपवर अखंड पिंग चालू ठेवा, एका सहकाऱ्याला फोनवर बोलत ठेवा आणि मुख्य फायबर उपसा. किती पिंग गहाळ झाले, कॉल तुटला की नुसता अडखळला, हे वेळेसह लिहा. मग फायबर परत जोडा आणि पुन्हा लिहा, कारण बरेच दोष तार काढताना दिसत नाहीत, ती परत जोडताना दिसतात: परतलेला राउटर स्वतःचे मार्ग पूर्ण शिकण्याआधीच गेटवे ताब्यात घेतो आणि मिनिटभर सगळे अंधारात जाते. त्यासाठी ताबा परत घेण्यास मुद्दाम विलंब लावण्याची सोय असते, ती वापरा.

यानंतर सुटीच्या दिवशी संपूर्ण वीज बंद करून पुन्हा चालू करण्याची चाचणी घ्या. इथे परस्परावलंबनाच्या गाठी उघड होतात. उदाहरणार्थ, आभासी सर्व्हर सुरू होण्यासाठी डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सेवा) लागतो आणि डीएनएस त्याच आभासी सर्व्हरवर आहे. किंवा स्विचवर लॉगिन करण्यासाठी ज्या सर्व्हरची संमती लागते, तो त्याच स्विचमागे अडकलेला आहे. प्रत्येक उपकरणावर एक स्थानिक खाते असावे आणि त्याचा पासवर्ड बंद लिफाफ्यात कुलुपाखाली असावा.

९. देखरेख, नोंदी आणि पुढची वाढ

दुहेरी व्यवस्थेचा एक तोटा कोणी सांगत नाही: ती बिघाड लपवते. दोनपैकी एक फायबर मेली तरी कोणाचीच तक्रार येत नाही, आणि दुसरी मरेपर्यंत ते कळत नाही. म्हणून एसएनएमपीवर (उपकरणांना त्यांची स्थिती विचारण्याच्या पद्धतीवर) आधारित देखरेख पहिल्या दिवसापासून चालू हवी आणि प्रत्येक दुय्यम जोडणीसाठीही इशारा लावलेला हवा. सर्व उपकरणांची घड्याळे एनटीपीने जुळवा आणि त्यांचे लॉग एका ठिकाणी गोळा करा; घड्याळे जुळलेली नसतील, तर आधी काय झाले आणि नंतर काय, हे ठरवताच येत नाही. कॉन्फिगरेशनचा बॅकअप रोज आपोआप घेतला जावा आणि कालच्या प्रतीत व आजच्या प्रतीत फरक असेल तर तो ईमेलने कळावा.

केबलच्या दोन्ही टोकांना एकच लेबल लावा. आराखड्याची छापील प्रत रॅकच्या दाराच्या आतल्या बाजूला ठेवा. बदल करण्यापूर्वी तो मागे कसा घ्यायचा, हे चार ओळींत लिहा. ते लिहिता येत नसेल, तर तो बदल शुक्रवारी संध्याकाळी करू नका, आणि खरे तर तोपर्यंत करूच नका.

वाढीसाठी आकडे आधीच ठरवून ठेवा: स्विचचे ८० टक्के पोर्ट भरले की नवा स्विच मागवायचा, पीओईचा वापर तीन चतुर्थांशावर गेला की नवी उपकरणे थांबवायची, एखाद्या व्हीलॅनमध्ये २०० पत्ते वाटले गेले की पुढचा पट्टा उघडायचा, आणि जोडीतील कोणत्याही लाइनचा गर्दीच्या तासातील वापर सलग काही आठवडे ४० टक्क्यांवर राहिला की सेवा देणाऱ्या कंपनीशी बोलणी सुरू करायची, कारण मंजुरी, करार आणि जोडणी यांत बराच काळ जातो.